कॅन्सरची गोळी घरी चालू असताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सलाईनवाली केमो घेणारा माणूस तीन आठवड्यांनी नर्सच्या नजरेखालून जातो. रोजची गोळी घेणारा मात्र फाइल कपाटात ठेवून एकटाच त्रास काढत बसतो आणि सहन होईना की गुपचूप डोस गाळतो. डॉक्टरांना कळतं ते थेट रिपोर्ट बिघडल्यावर. म्हणून आजची उत्तरं सविस्तर दिली आहेत. डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचंच काम आहे. त्यांच्यासमोर काय मांडायचं आणि घरी काय करता येतं, ते इथे सांगतो.

प्रश्न : वय 38. रक्ताच्या कॅन्सरसाठी (सीएमएल) चार वर्षं इमॅटिनिब 400 चालू आहे. गोळीनंतर मळमळतं, म्हणून रात्री झोपतानाच घेतो. सकाळी डोळे सुजलेले असतात, पोटऱ्यांत गोळे येतात. मागचा बीसीआर-एबीएल (रक्तात आजार किती उरला ते सांगणारा) रिपोर्ट 0.08 टक्के आला. इतका चांगला रिपोर्ट असेल, तर आठवड्यातून दोन दिवस गोळी गाळली तर चालेल का? *– एक वाचक, नाशिक*

उत्तर : नाही चालणार. 0.08 हा आकडा खरोखर चांगला आहे. एका वर्षाच्या टप्प्यावर 0.1 टक्क्याच्या खाली जायचं असतं, तिथे तुम्ही आहात. पण तो आकडा रोजच्या गोळीनेच खाली धरून ठेवला आहे. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ-नऊ गोळ्या कमी. घ्यायच्या गोळ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून कमी पोटात गेल्या, तर आजार खोलवर दबून राहण्याची शक्यता झपाट्याने घसरते, हे या औषधावरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही त्या सीमेवर येता.

मळमळीचं कारण बहुधा तुमच्या वेळेतच आहे. ही गोळी जठराच्या अस्तराला थेट झोंबते. रात्री घोटभर पाण्याबरोबर घेऊन आडवं झालं की ती अन्ननलिकेच्या तोंडाशी रेंगाळते. दिवसातल्या सर्वांत भरपेट जेवणाबरोबर घ्या. अर्धं जेवण झाल्यावर गोळी, वर पूर्ण पेलाभर (200 मिली) पाणी आणि मग उरलेलं जेवण. त्यानंतर निदान दोन तास आडवं व्हायचं नाही. गिळताना त्रास होत असेल, तर 400 ची गोळी 200 मिली साध्या पाण्यात विरघळवून लगेच प्या आणि तळाशी राहिलेलं खळखळवून तेही घ्या. उलटी झाली तर दुसरी गोळी घेऊ नका, पुढची ठरल्या वेळी घ्या. एवढ्यानेही थांबलं नाही, तर मळमळीची गोळी लिहून मागा. हे हक्काने मागायचं औषध आहे.

सकाळची डोळ्यांची सूज या औषधाची ओळखीची खूण आहे. उशाला एक उशी जास्त घ्या, रात्रीच्या जेवणातून लोणचं-पापड काढा. सूज दुपारपर्यंत उतरत असेल, तर काळजी नाही. पण आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. ते एकदम दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा चालताना दम लागला, तर अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी फोन करा. पोटऱ्यांच्या गोळ्यांसाठी झोपण्याआधी भिंतीला तळहात टेकवून, टाच जमिनीला धरून पोटरी ताणा, अर्धा मिनिट, तीन वेळा. पुढच्या रक्ततपासणीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस तपासून घ्या. यांपैकी काही घसरलेलं असेल, तर नुसत्या व्यायामाने गोळे जाणार नाहीत. कातडीचा रंग उजळला असेल, तर तोही औषधामुळेच. त्याने अपाय होत नाही.

ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा, त्यांच्यामुळे औषधाची रक्तातली पातळी वर जाऊ शकते. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटोइन ती खाली खेचतात. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेलात, तर इमॅटिनिबचं नाव पहिल्या वाक्यात सांगा.

गोळी कायमची थांबवता येते का, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. काही रुग्णांची थांबवता येते. त्यासाठी निदान तीन वर्षं औषध, त्यातली निदान दोन वर्षं आकडा सलग 0.01 टक्का किंवा त्याखाली आणि थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला तपासणी लागते. एवढं करूनही जवळपास निम्म्या लोकांमध्ये आजार पुन्हा डोकं वर काढतो, बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांत. गोळी पुन्हा सुरू केली की तो बहुतेक वेळा आटोक्यात येतो. तुमचा 0.08 अजून त्या उंबरठ्यापासून दूर आहे. तपासणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करा. लॅब बदलली की आकड्यांची तुलना फसवी होते.

प्रश्न : आई 61 वर्षांची. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिन 500 च्या तीन गोळ्या सकाळी, तीन संध्याकाळी, 14 दिवस आणि मग 7 दिवस सुट्टी. तिसऱ्या फेरीपासून तळहात-तळपाय लाल होऊन आग होते, भेगा पडल्या आहेत. भाकरी थापता येत नाही. रेशन दुकानात अंगठाही उमटत नाही. *– एक वाचक, सोलापूर*

उत्तर : अंगठा न उमटणं आणि तळव्यांची आग यांचं मूळ एकच औषध. कॅपेसिटाबिन तळहात-तळपायांची कातडी सुजवतं, सोलवतं, आणि काहींच्या बोटांवरच्या रेषाच पुसून टाकतं. औषध संपल्यावर काही आठवड्यांत रेषा परत येतात. तोवर हॉस्पिटलमधून दोन ओळींचं पत्र घ्या की उपचारामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत. ते दाखवून रेशन दुकानात डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅनिंग किंवा मोबाइलवरचा ओटीपी मागा. पेन्शनचा हयातीचा दाखला असेल, तर तो जीवन प्रमाण या सरकारी सेवेवर चेहरा दाखवूनही होतो. अंगठा उमटावा म्हणून बोटं घासू नका, लिंबू चोळू नका. आधीच पातळ झालेली कातडी त्याने फाटते.

आता तळव्यांचं. आधी पायरी ओळखा. नुसता लालसरपणा आणि मुंग्या ही पहिली. दुखतं, पण कामं होतात ही दुसरी. फोड, सालं निघणं, बटण लावता न येणं ही तिसरी. तुमच्या आईंना भाकरी थापता येत नाही, म्हणजे त्या दुसरी ओलांडत आहेत. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती अशी : ‘चौदा दिवस पुरे करू आणि मग सांगू.’ तसं करू नका. आजच ओपीडीला फोन करा. या पायरीवर गोळ्या मध्येच थांबवून कातडी सावरू देतात आणि पुढची फेरी कमी डोसने देतात. ठरवून थांबवलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात. डोस कमी झाला म्हणजे उपचार वाया गेला, असं मुळीच नाही. न सांगता ओढत नेलेल्या फेरीने मात्र पुढचे उपचार लांबतात.

घरी करायचं ते आग शमवण्यासाठी आणि घर्षण टाळण्यासाठी. आंघोळ कोमट पाण्याने. गरम पाण्यातली भांडी, पिळून धुण्याचे कपडे, पोळीचं लाटणं आणि तवा दुसऱ्या कुणाकडे सोपवा. रबरी हातमोजे घालून गरम पाण्यात हात घातले, तर आत उष्णता कोंडते, तेही नको. पायांत सैल, मऊ तळव्याची चप्पल आणि आत पातळ सुती मोजे. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी नको, देवळाच्या आवारातही नको. दहा टक्के युरियाचं क्रीम दिवसातून तीनदा लावा. त्यातलं एकदा आंघोळीनंतर कातडी नुसती टिपून, ती ओलसर असतानाच. भेगा उघड्या असतील, तिथे युरिया झोंबतं. तिथे साधी व्हॅसलीन किंवा घरचं मुठेल म्हणजे कोकमाचं तेल चालेल.

आणखी एक उपाय डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये कॅपेसिटाबिन घेणाऱ्या रुग्णांनी हातांना दिवसातून दोनदा एक टक्क्याचं डायक्लोफिनॅक जेल लावलं. साधं जेल लावणाऱ्यांमध्ये त्रास दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला गेलेले 15 टक्के निघाले, डायक्लोफिनॅकवाल्यांत 3.8 टक्के. हा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. हेच ते सांधेदुखीला चोळतात तसलं, अगदी स्वस्त जेल. पण ते प्रतिबंधासाठी होतं, फेरी सुरू होतानाच लावायचं. फुटलेल्या कातडीवर लावू नका, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर विचारल्याशिवाय नको.

मेंदीबद्दल बरेच जण विचारतात. बाजारातल्या काळ्या कोनमध्ये असलेल्या रसायनाने निरोगी हातावरही फोड येतात. ती या हातांवर अजिबात नको.

गोळ्यांची वेळही तपासा. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दोन वेळांत साधारण बारा तासांचं अंतर. पंधराव्या दिवशी डबीत गोळ्या उरल्या म्हणून घेत राहणं हा खरोखरीचा धोका आहे, कारण सात दिवसांची सुट्टी हा उपचाराचाच भाग आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांना लाल आणि सुट्टीच्या दिवसांना हिरवी फुली करा. ‘अशक्तपणासाठी’ म्हणून कुणी दिलेल्या टॉनिकमध्ये फॉलिक ॲसिड असतं, ते या औषधाचा विषारीपणा वाढवतं. टॉनिकची बाटली पुढच्या भेटीला बरोबर न्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर तेही ठळक सांगा.

जुलाब लागले, तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असं वाटून नाही. नेहमीपेक्षा दिवसात चार किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागलं, रात्री उठावं लागलं किंवा तोंड आलं, तर गोळी थांबवून फोन करा. ताप 100.4 फॅरनहाइट झाला, तर सकाळची वाट पाहू नका, आणि थर्मामीटर लावण्याआधी क्रोसिन देऊ नका. ताप दबतो आणि डॉक्टर फसतात.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल सुरू होऊन 14 महिने झाले. वय 57. सकाळी बोटं आखडतात, कणीक मळता येत नाही, गुडघे धरतात. दहा दिवस गोळी बंद ठेवली तर दुखणं गेलं. एक दिवसाआड घेऊ का? *– एक वाचक, कोल्हापूर*

उत्तर : तुम्ही नकळत एक उपयोगी तपासणी केलीत : दुखणं बहुधा गोळीमुळेच आहे, संधिवात नाही. हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, दहा दिवस गाळले हेही सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

एक दिवसाआड मात्र नको. लेट्रोझोलचं काम अंगातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सतत तळाला ठेवण्याचं. पहिली पाच वर्षं संपल्यानंतरच्या वाढीव काळात वर्षातले तीन महिने सुट्टी देऊन पाहण्याचा मोठा अभ्यास झाला आहे, आणि त्यात नुकसान दिसलं नाही. पण ते वाढीव काळातलं. तुमच्या दुसऱ्या वर्षाला ते लागू होत नाही.

मार्ग पुष्कळ आहेत. पहिला व्यायाम, आणि तो सांत्वन म्हणून सांगत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम केल्याने हे विशिष्ट दुखणं कमी होतं, असं चाचणीत दिसलं आहे. एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून सुरुवात करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पहिले दोन आठवडे दुखणं वाढल्यासारखं वाटतं, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. सकाळी बोटं कोमट पाण्यात पाच मिनिटं उघडझाप करा. तेवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टर दोन-तीन आठवडे गोळी थांबवून अनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देतात. तिन्ही औषधं एकाच जातीची असली तरी एक सोसत नाही त्या बाईला दुसरं सोसतं. ड्युलोक्सेटिनही मदत करतं. शेवटी टॅमॉक्सिफेन आहेच.

हे औषध हाडं विरळ करतं, म्हणून हाडांकडे बघा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुरुवातीला आणि मग एक-दोन वर्षांनी हवी. अजून झाली नसेल, तर मागून घ्या. दिवसाला हजार ते बाराशे मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर (250 मिली) दुधात तीनशे, नाचणीच्या एका भाकरीत (50 ग्रॅम पीठ) पावणेदोनशेच्या आसपास. उरलेलं गोळीतून, पण एका वेळी पाचशेपेक्षा जास्त नको, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. ड जीवनसत्त्वाचं 60,000 चं पाकीट आठवड्याला एक असं आठ आठवडे लिहून देतात, आणि कित्येक घरांत ते वर्षभर आठवड्याला चालूच राहतं. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात. चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहून घ्या. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन ठरलं, तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जा आणि काढायचे दात इंजेक्शनच्या आधी काढून घ्या. नंतर काढलेल्या दाताची जागा न भरता जबड्याचं हाड उघडं पडू शकतं.

प्रश्न : वडिलांना गालाच्या आतल्या कॅन्सरसाठी ऑपरेशन आणि मग 30 वेळा शेक (रेडिएशन) दिले. दोन वर्षं झाली. तोंड कोरडं, दोन बोटंही जात नाहीत. एक दाढ दुखते. गावातले डेंटिस्ट म्हणतात काढून टाकू. *– एक वाचक, जळगाव*

उत्तर : दाढ आज काढू देऊ नका. शेक मिळालेल्या जबड्यातला रक्तपुरवठा कायमचा कमी होतो, दोन वर्षांनीही आणि दहा वर्षांनीही. तिथे दात उपटला, तर जखम न भरण्याचा आणि हाड कुजण्याचा धोका असतो. डेंटिस्टना शेकाच्या तारखा आणि डोस असलेलं डिस्चार्ज कार्ड दाखवा. जिथे शेक दिले त्या विभागाला फोन करून विचारा. शक्य असेल, तर रूट कॅनॉल करून दाढ जागेवर ठेवतात. काढायचीच वेळ आली, तर तयारीनिशी हॉस्पिटलमध्ये.

कोरड्या तोंडात दात भराभर किडतात, कारण लाळच दातांची राखण करते. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना चूळ भरायची : अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. दारू असलेला माउथवॉश नको, त्याने आग होते. जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट डेंटिस्टकडून लिहून घ्या. घास ओला करा : पेज, कढीभात, दुधात कुस्करलेली पोळी. आणि मिश्री हा तंबाखूच आहे, दात घासायचं साधन नव्हे. ती घरात असेल, तर बाहेर.

तोंड उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या चपट्या काड्या लागतील. मागच्या दातांमध्ये जेवढ्या मावतील, तेवढ्या काड्या एकावर एक ठेवा. मग मधोमध एकच जास्तीची हळूच सरकवा आणि ताण जाणवेल तिथे अर्धा मिनिट धरा. पाच वेळा असं एकेका बैठकीत, दिवसातून पाच बैठका. दर रविवारी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून लिहा. 35 मिलीमीटरच्या खाली असेल, तर ते आकसलेलंच समजायचं. दोन वर्षांनी सुरुवात केली, तर मिलीमीटरच मिळतात, पण चमचा आत जायला तेही पुरतात. उघडणं अचानक कमी झालं किंवा नवी गाठ, व्रण दिसला, तर व्यायाम थांबवून तपासणीला जा. मानेला शेक मिळाले असतील, तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी सहा ते बारा महिन्यांनी करा. थायरॉइड मंदावलं की सुस्ती येते, वजन वाढतं आणि घरचे म्हणतात ‘मनाने खचलेत’.

प्रश्न : बायकोला स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे. बहीण गुळवेलीचा काढा, शतावरी कल्प आणि हळदीच्या गोळ्या आणून देते. नुकसान तर नाही ना? *– एक वाचक, पणजी*

उत्तर : आहे. भाजीतली हळद बिनधास्त खा. गोळीतली मिरीअर्क घातलेली हळद मात्र रक्तातलं टॅमॉक्सिफेन कमी करते. गुळवेलीने यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे. शतावरीत इस्ट्रोजेनसारखं वागणारे घटक असू शकतात आणि बायकोचा उपचार नेमका त्याच्याविरुद्ध आहे. बहिणीचं मन दुखावणार नाही अशा रीतीने सांगायचं असेल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘इतर औषधं बंद’ असं लिहून आणा. त्या चिठ्ठीवर घरातलं भांडण थांबतं.

उदासी किंवा अंगात गरम वाफा येण्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन कुणी दिलं, तर तेही टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं. त्याऐवजी व्हेन्लाफॅक्सिनबद्दल विचारा. चालू असलेली गोळी स्वतः अचानक तोडू नका. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं किंवा एकच पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी नांदेडहून मुंबईला तपासणीला येतो. रेल्वेत सवलत असते का? *– एक वाचक, नांदेड*

उत्तर : असते. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत, बरोबरच्या एका माणसाला 75 टक्के. सेकंड एसीत दोघांनाही 50 टक्के. त्यासाठी हॉस्पिटलने रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र द्यायचं आणि तिकीट खिडकीवर काढायचं. निघायच्या घाईत नमुना मिळत नाही, म्हणून या भेटीतच पुढच्या भेटीचं प्रमाणपत्र मागून ठेवा. गाडीत गोळ्या हातातल्या पिशवीत, चार दिवसांच्या जादा गोळ्यांसह. सीटखालच्या बॅगेत नको.